बर्फावरचा कौल

"माका आग तुयाच दिवची," भिकाजीकाका म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी बांगड्याच्या सारात बुडवला.

पुढच्या सोमवारी येताना चार नारळ आणू का, असं विचारावं तशा आवाजात बोलले. मी चुलीपुढे होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. ज्यांना ते सांगितलं, त्या आमच्या ह्यांनी मान वर केली नाही.

"काका, जेवताना असा कित्याक बोलतास?" मी म्हटलं.

"बोलूचा नाय तर काय करूचा? माझो झील गेलो. भाव नाय, पुतणो नाय. मी मेल्यार लाकडा काय आपसून पेटतली?"

भिकाजी धुरी म्हणजे सुहासचे वडील. सुहास म्हणजे ह्यांच्या ट्रकवरचा जोडीदार. आमचे हे फौजेत ट्रक चालवायचे, पार वर, जिथे अर्धं वर्ष रस्ता बर्फाखाली असतो तिथे. सुहास शेजारी बसायचा, गाडी मागे घेताना उतरून हात दाखवायचा, चाकाखाली दगड लावायचा आणि जमेल तेव्हा गाडी हाकायला शिकायचा. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, त्यांचं पलीकडे. एवढ्या लांब गावाकडचं माणूस भेटलं म्हणून दोघांचं गूळपीठ जमलं होतं. एका सकाळी घाटातल्या उतारावर ट्रक घसरला आणि दरीत गेला. सुहास तिथेच गेला. हे कमरेचं हाड मोडून घरी आले. चौकशी झाली. रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता, घसरू नये म्हणून चाकांना बांधतात ती लोखंडी चेन असती तरी गाडी टिकली नसती, दोष कोणाचाच नाही, असा निकाल साहेबलोकांनी दिला.

निर्दोष सुटलेल्या माणसाने निदान पोटभर जेवावं. आमचे हे घरी आले ते नुसते अंगाने. काठी टेकत पडवीत येऊन बसायचे आणि कवाडाकडे बघत राहायचे. विचारलं तर बोलायचे, वाढलं तर दोन घास खायचे. दुपारी मी डोळा मिटला की उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. मी बाबलाकडून, म्हणजे माझ्या भावाकडून, विहिरीवर जाड फळी ठोकून घेतली. पाचोळा पडतो म्हणून ठोकली, असं शेजारी सांगितलं. शेजाऱ्यांनी मान डोलावली. खरं काय ते त्यांनाही कळत होतं.

भिकाजीकाका मात्र दर सोमवारी होडीतून खाडी ओलांडून यायचे. बायको आधीच गेलेली, आता मुलगा गेला. येताना मासळी आणायचे, मला करायला लावायचे आणि ह्यांच्या शेजारी पाटावर बसून जेवायचे. ह्यांच्या पानात स्वतःच्या हाताने तुकडी वाढायचे. त्या तुकडीचा घास ह्यांच्या घशाखाली कसा उतरायचा नाही, ते मी रोज नाही तरी दर सोमवारी बघत होते. मला वाटायचं, मित्राच्या दुःखाने उतरत नाही.

"मी तुमच्या रक्ताचो नाय," हे म्हणाले.

"ता माका ठावक असा. म्हणानच काल रवळनाथाक कौल लावलंय. उजवो दिल्यान."

आमच्याकडे माणसाची मती चालेनाशी झाली की देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यावर सोयरिकी ठरतात आणि भावाभावांचे तंटे मिटतात. एकदा कौल झाला की विषय संपला.

"देवाक काय विचारल्यात?" ह्यांनी विचारलं.

"आत्मारामान माका आग दिली तर चलात काय, इतक्याच."

"इतक्याच?"

"आणि काय विचारूचा होता?"

ह्यांनी ताट सरकवलं. "वायच थांबा, काकानु. मगे सांगतंय."

काकांचा चेहरा जरा पडला. देवाने हो म्हटलेल्या गोष्टीला माणसाने थांब म्हणावं, हे त्यांना नवीन होतं. पण म्हातारा मनाचा मोकळा. हात धुताना म्हणाले, "थांबतंय मी. पण त्या यमाक तुयाच काय ता सांग."

जाताना त्यांनी पिशवीतून एक खोका काढून ओट्यावर ठेवला. आत रिमोटवर चालणारी गाडी होती, हातभर लांब, जाड रबरी चाकांची. सुहासने वरच्या कुठल्यातरी बाजारात स्वतःसाठीच घेतली होती. तेवीस-चोवीस वर्षांचा घोडा, पण खेळ सुटला नव्हता. त्याच्या ट्रंकेतून ती घरी आली होती.

"माका ह्यातला काय कळता?" काका म्हणाले. "तुमच्याकडे पडान रवांदे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आपणहून उठले, काठी घेतली आणि बाजारात गेले. कित्येक महिन्यांनी. मी देवापुढे साखर ठेवली. परत आले ते चांभाराकडच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, भोकं पाडायची एक आरी, सायकलची फाटकी ट्यूब आणि पंक्चर काढायच्या सोल्युशनची डबी घेऊन. पडवीत चटई टाकून त्यांनी सुहासची गाडी उलटी केली आणि तिची चाकं काढायला घेतली.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो म्हणतात. मी म्हटलं, लावू दे. विहिरीपेक्षा कूड बरा.

पहिल्या दिवशी त्यांनी चुका बाहेरून आत ठोकल्या. गाडी अंगणात सोडली मात्र, चुका गोफणीतल्या दगडांसारख्या उडाल्या. एक माझ्या पायाला लागली, एक कोंबडीला. कोंबडी दिवसभर छपरावरून खाली येईना. हे हसले नाहीत. उकिडवं बसता येत नव्हतं तरी सरपटत त्यांनी सगळ्या चुका वेचल्या. मग त्यांनी रबर चाकावरून पूर्ण सोलून काढलं, त्याच्या आतला स्पंज बाजूला ठेवला, आणि रबर मोज्यासारखं उलटं करून आतून बाहेर आरीने भोकं पाडली. आता चुका आतून घातल्या, म्हणजे माथा आत आणि टोक बाहेर. त्या उडाल्या नाहीत, पण दाब पडला की आडव्या व्हायच्या. परत बाजार. या खेपेला बारीक स्क्रू आणले. आतल्या अंगाला माथे झाकतील अशी ट्यूबची पट्टी सोल्युशनने चिकटवली, त्यावर स्पंज बसवला, रबर सुलटं करून चाकावर चढवलं आणि कडेने चिकटवून टाकलं. बाहेर आलेली टोकं कानशीने घासून सारखी केली. एक ओळ मधे, दोन कडेला, आणि एका ओळीतला खिळा दुसरीच्या फटीत येईल असे.

हे सगळं मला इतकं पाठ आहे, कारण त्या दिवसांत मी कामं सोडून बघत बसायचे. माझा नवरा कशाततरी जीव घालत होता. बोटं रक्ताळली होती, माझ्या घराचा कोबा मांजरीने नखं घासल्यासारखा झाला होता, आणि मी खूश होते.

"तुमी ह्या करतास कित्याक?" एकदा विचारलंच.

"बर्फार चलाक होयी."

"हयसर बर्फ खंय असा?"

"बाबलाच्या कारखान्यात."

माझा भाऊ बाबल बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. होड्यांना मासळीसाठी लागतो तो बर्फ, पुरुषभर लांबीच्या लाद्या. मला वाटलं, वरची सवय, बर्फ बघावासा वाटत असेल. मी बाबलाला सांगून ठेवलं.

मग एका सकाळी हे म्हणाले, "काकांका निरोप दी. ह्या सोमवारी घराकडे नको, बंदरार येवक सांग."

"खेळ दाखवतास काय तेंका?"

त्यांनी गाडी उचलून खोक्यात ठेवली. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं, पण मी सोमवारच्या बांगड्यांचा विचार करत होते.

त्या सोमवारी वारं सुटलं होतं, होड्या बाहेर गेल्या नव्हत्या, त्यामुळे कारखान्यात बाबलाशिवाय कोणी नव्हतं. आत ओली गार हवा, अमोनियाचा वास आणि अंधार. बाबलाने तीन लाद्या काढून ठेवल्या होत्या. ह्यांनी त्याला फळ्या लावायला सांगितल्या आणि लाद्या एकापुढे एक अशा तिरक्या ठेवायला लावल्या, की बर्फाचा एक लांब उतार झाला. खाली फरशी.

"वर घे वायच," हे म्हणत होते. "अजून. नाय, जास्त झाली. खाली." डोळे मिटायचे, उघडायचे, परत बघायचे. बाबल वैतागला. "अवो भावोजीनु, कितको वर, एकदा सांगा." पण ह्यांचं तोंड बघून त्याने परत लादी उचलली. शेवटी त्या उतारात त्यांना जे ओळखायचं होतं ते ओळखू आलं असावं. ते म्हणाले, "हो. हो असोच."

काका आले, टॉवेल झटकून एका रिकाम्या पेटीवर बसले. "काय रे, जत्रा भरयलंस मरे," ते हसून म्हणाले.

ह्यांनी गाडीवर रेतीची पुरचुंडी बांधली, पाठीवर सामान लादावं तशी. बाजारात त्याच मापाची साधी चाकं मिळाली होती, ती आधी लावली. गाडी उतारावर सोडली, मधे आल्यावर ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. आडवी झाली, तशीच घसरत कडेपर्यंत गेली आणि फरशीवर आपटली. पुरचुंडी फुटली.

"पडली," काका म्हणाले. अजून हसतच होते.

ह्यांनी गाडी उचलली, पाना काढला आणि साधी चाकं काढून खिळ्यांची लावायला घेतली. एकेक चाक नीट बसवलं. मग गाडी हातात धरून ते काकांपुढे उभे राहिले, गुरव गाऱ्हाणं घालायला राहतो तसे.

"काकानु, तुमी देवाक विचारल्यात ता अर्धा होता. उरलेला मी विचारतंय. त्या दिवशी उताराच्या तोंडार सुहासान माका सांगल्यान, गाडी थांबवया, चेन घालूया. मी म्हटलंय, उगाच हात गोठतले. वळणापलीकडे रस्तो सुको असतलो. आणि तशीच गाडी घातलंय. चौकशीत विचारल्यानी, तेव्हा सांगलंय की चेन घालूक वेळ गावलो नाय. सायबांनी म्हटल्यानी, चेन असती तरी घसारली असती. तसा आसात, तर मी तुमका आग देतंय. नायतर माझो हात तुमका लागाक नये."

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आत काही नव्हतं. मला मात्र सगळं एकदम कळलं: तो न उतरणारा घास, ती विहीर आणि ते स्क्रू.

"भावोजी," बाबल म्हणाला, "ह्यो खेळ असा. ट्रक नाय. खिळे म्हंजे चेन नाय."

"माका कळता रे. पण त्या उतारार परत माका कोण जावक दितलो? विचारू कोणाक?"

त्यांनी गाडी सोडली.

मी आयुष्यात देवाकडे पुष्कळ मागितलं आहे, पण त्या क्षणी मागितलं तितक्या जिवाच्या आकांताने कधी नाही. घसर गे बाये, मी मनात म्हणत होते, एकदा घसर. गाडी उताराच्या मधे आली. ह्यांनी ब्रेक दाबला. करकर असा आवाज झाला, चाकांखालून बर्फाचा पांढरा भुगा उडाला आणि गाडी उभी राहिली.

मशीनची घरघर तेवढी चालू होती.

"परत सोड," काका म्हणाले.

ह्यांनी परत सोडली. गाडी परत उभी राहिली.

"परत."

पुन्हा तेच. काका पेटीवरून उठले. फरशीवर सांडलेली रेती त्यांनी स्वतःच्या ओंजळीत भरली, टॉवेलात बांधली आणि गाडीवर आणखी चढवली. बाबलाला म्हणाले, "वर घे ती लादी." बाबलाने उतार वाढवला. "आता सोड." गाडी गेली, करकरली आणि उभी राहिली. "परत." बर्फ विरघळायला लागला होता, लाद्यांवर पाणी सुटलं होतं, काकांचा आवाज बसत चालला होता, तरी ते परत म्हणत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हाताराही तेच मागतोय जे मी मागतेय. त्यालाही गाडी पडायला हवी होती. आम्ही चार मोठी माणसं एका खेळण्याच्या पडण्याकडे डोळे लावून उभी होतो आणि ते पडत नव्हतं.

शेवटी गाडीची बॅटरी संपली. ती मेली तीही उताराच्या मधेच, आणि मेल्यावरही जागची हलली नाही.

काकांनी ती उचलून घेतली. अंगठ्याने एकेक खिळा चाचपला. मग विचारलं, "तेणा परत सांगल्यान तुका? चेनीचा?"

"नाय. एकदाच सांगल्यान. मगे गप रवलो. मी मोठो. माका तो उलटान बोलूचो नाय."

"मीच तेका सांगलंलंय," काका म्हणाले. "सुट्येर इलो तेव्हा. आत्माराम सांगात ता आयकूचा, तेका उलटान बोलूचा नाय म्हणान."

ह्यांनी तोंड फिरवलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, सासू गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आवाज न करता, भिंतीला कपाळ लावून.

काकांनी गाडी पेटीवर ठेवली, टॉवेल सोडून रेती झाडली आणि खांद्यावर टाकला. माझ्यापुढून दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"आत्माराम."

हे वळले.

"माका आग तुयाच दिवची."

"काका, आता कसा..."

"आदी मायेन सांगी होतंय," काका म्हणाले. "माया होती तवसर तू नको म्हणू शकी होतंस. आता तुका ता चुकाचा नाय."

मी त्यांच्यामागून धक्क्यापर्यंत धावले. घरी बांगड्यांचं सार करून ठेवलं होतं. "काकानु, दोन घास खावन तरी जावा," म्हटलं. ते होडीत बसले होते. "नको बाय," म्हणाले, अगदी नीट, रागावल्यासारखं नाही. पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

त्यानंतर आमचे हे हळूहळू उठून कामाला लागले. बाबलाच्या ओळखीने त्याच कारखान्यात लाद्या मोजायला बसले. गाडी कधी हाकली नाही, बैलगाडीसुद्धा नाही. पण जेवायचे, झोपायचे, विहिरीकडे फिरकायचे नाहीत. फळी मी तरीही काढली नाही, पण मला तिची गरज नाही हे कळत होतं. काकांच्या आधी मरायची त्यांना आता सोय राहिली नव्हती. बाजारात कधी काका समोर आले तर हे जागच्या जागी उभे राहायचे. काका बघायचे आणि निघून जायचे. म्हातारा कोणाच्या घरी बसून काय बोलला असेल, आपली किती नाचक्की केली असेल, याची मला धास्ती होती. खाडीपलीकडची माणसं भेटली की मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचे. तिथे काही दिसायचं नाही.

बरीच वर्षं गेली. मग एका पहाटे पलीकडचा माणूस आला. अंगणातूनच म्हणाला, "भिकाजी गेलो. आग तुमी दिवची म्हणान सांगान ठेवल्यान."

हे उठले, अंघोळ केली आणि ओल्या धोतराने होडीत बसले. मी बरोबर गेले. धुऱ्यांची सगळी वाडी जमली होती. ह्यांनी मडकं धरलं, फेऱ्या मारल्या, आग दिली. डोकं भादरून घेतलं, सुतक पाळलं, दिवस केले. जे सख्ख्या मुलाने करायचं ते एकही सोडलं नाही.

काकांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

हे मला तिथे, त्या वाडीत कळलं. गुरवाने ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "सुहासाचो दोस्त म्हणान इतक्या केलंस," एक म्हातारी म्हणाली, "पोटच्या झिलान करूचा नाय." पोरांना बोटाने दाखवत बायका सांगत होत्या, बघा, माणूस असा असावा. तेराव्याला पंगत बसली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. आणि घरचा म्हणून वाढायचा मान ह्यांचा होता. भाताचं पातेलं धरून हे पहिल्या पानापाशी वाकले. तिथला माणूस हात जोडून काहीतरी चांगलं बोलला. ह्यांनी ऐकून घेतलं, वाढलं आणि दुसऱ्या पानापुढे वाकले. पंगत ओट्यापासून थेट माडापर्यंत होती, आणि त्यांना प्रत्येक पानावर वाढायचं होतं.